सगळं सारखंच हललं तर

टोपावरची ताटली वाजली. तापवलेलं दूध झाकून ठेवलेलं होतं, ताटली कडेला जराशी तिरकी बसली होती, आणि दुपार कलायच्या सुमाराला, त्या दोन खोल्यांमध्ये कुणीच काही बोलत नसताना, ती आपली आपणच किणकिणायला लागली. विजयमालाचा हात कणकेत थांबला. दाराशी सतरंजीवर पालथी पडून रिया चित्र रंगवत होती, तिचाही खडू थांबला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं की खरं होतं, असं काहीतरी गेल्या पंधरवड्यात दोघींच्याही अंगात भिनलं होतं. मग स्टेशनच्या अंगाने भोंगा आला, रुळांची लांबलचक घरघर सुरू झाली, आणि विजयमालाने श्वास सोडला. "गाडी ना?" रियाने विचारलं. "गाडी." "कुठली?" "मालगाडी. बघ की, अजून वाजतंय. संपतच नाहीये." रियाने थोडा वेळ ऐकलं, मग खडू पुन्हा कागदाला टेकवला, पण तिचे खांदे वर चढले होते ते काही खाली आले नाहीत. ताटली सरळ करून ठेवली असती तर वाजली नसती. एका बोटाचं काम. इथे राहायला आल्यापासून रोज विजयमाला त्या तिरक्या ताटलीकडे बघत होती आणि रोज ती तशीच ठेवत होती. डहाणू रोडच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि तिचं तोंड बंद करायचा धीर तिला होत नव्हता.

दाराच्या मागे बॅग भरून ठेवली होती. उद्या पहाटे मुंबईला जायचं होतं, चार दिवसांसाठी, आणि हे तिने रियाला अजून सांगितलं नव्हतं. रियाने बॅग पाहिली होती. सकाळपासून ती दाराच्या मागे तेवढी गेली नव्हती, चेंडू तिकडे गेला तर "राहू दे" म्हणाली होती. विजयमाला कणीक मळत राहिली, मळून झाली तरी मळत राहिली. मुंबईहून तिच्या पीएच.डी.च्या सरांचा फोन परवा आला होता. सर कधी आवाज चढवत नसत, आणि त्यामुळेच त्यांच्या बोलण्यातून सुटका नसे. "विजयमाला, तुझ्या घरची परिस्थिती मला समजते. पण सेटअप गुरुवारपर्यंत तुझा. पुढे तो दुसऱ्यांना द्यावा लागेल, आणि मार्चनंतर तुझी फेलोशिपही नाही. चार दिवस ये. शेवटची मोजमापं घे आणि मोकळी हो." मोकळी हो. पाच वर्षांपूर्वी रिया पोटात असताना सुरू केलेलं काम, चार दिवसांवर येऊन थांबलेलं. आणि त्या चार दिवसांच्या अलीकडे ही एवढीशी पाठ, फ्रॉकच्या मागचं एक बटण तुटलेली, सतरंजीवर पालथी.

तिचं काम नेमकं काय हे सासरी कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. सासूबाई शेजारणींना म्हणायच्या, "उजेडावर शिकतेय आमची विजू." शेजारणी म्हणायच्या, "म्हंजे लायटीचं?" आणि सासूबाई म्हणायच्या, "लायटीचं नाही गं, उजेडाचं." विजयमालाला तेव्हा वाटायचं, याहून बरोबर तिलाही सांगता येणार नाही. नखाएवढी चिप. तिच्यावर सिलिकॉन नायट्राइडच्या वाटा काढलेल्या, केसाहून कितीतरी बारीक. एका वाटेने आत शिरलेला उजेड फुटत फुटत चौसष्ट वाटांनी जायचा, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी एक अँटेना, म्हणजे त्याच वाटेवर कोरलेले बारीक दात, त्या दातांमधून तो वर सांडायचा. प्रत्येक वाटेवर एक तार. तार तापवली की त्या वाटेतल्या उजेडाला किंचित उशीर व्हायचा. पहिल्याला नाही, दुसऱ्याला जरासा, तिसऱ्याला त्याहून जरासा, असा उशीर ओळीने वाढवत नेला की सगळ्यांचा मिळून बाहेर पडणारा झोत कलायचा. आरसा फिरवायचा नाही, भिंग सरकवायचं नाही. काहीही न हलता उजेड वळायचा. पुढेमागे मोटारींना रस्ता दिसावा म्हणून असले डोळे बसवतील, असं सर पाहुण्यांना सांगत. विजयमालाला मोटारींचं फारसं काही नव्हतं. तिला ते 'काहीही न हलता' आवडलं होतं. अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या वाडीत, वाढवणच्या अलीकडे, चिकूच्या रांगेला पाटाने पाणी जायचं, आणि प्रत्येक आळ्यापाशी पाटाच्या कडेला खाच पाडलेली असायची. लहानपणी तिने पहिलीच खाच ऐसपैस पाडली होती, पहिल्या झाडाचं तळं झालं आणि शेवटची झाडं कोरडी राहिली. "अगं पोरी, पहिल्याला ओंजळीएवढी, शेवटच्याला घागरीएवढी," अप्पा हसून म्हणाले होते, "तेव्हा कुठे सगळ्यांना सारखं मिळतं." तिने अँटेनाचे दात काढले तेव्हा सुरुवातीचे उथळ ठेवले, शेवटचे खोल, आणि झोत स्वच्छ आला. तिच्याबरोबर काम करणारा पीयूष म्हणाला, "कुठल्या पेपरात वाचलंस?" तिने नुसतं हसून घेतलं होतं.

नायट्राइडचा स्वभाव थंड. नुसतं सिलिकॉन तापट, जरा ऊब लागली की वळलं. नायट्राइडला पुष्कळ ऊब द्यावी लागते, मग कुठे ते जरासं ऐकतं. पण थंड असल्यामुळेच त्याच्या पोटातून उजेड फारसा न सांडता लांबवर जातो. त्याच्यात एकच खोड. थर जाड झाला की बाहेरून कुणी हात न लावता, आतल्याच ताणाने तडकतो. म्हणून आधीच चहूबाजूंनी चर खणून ठेवतात, तडा आलाच तर चरापाशी थांबावा, वाटांपर्यंत पोचू नये. तिच्या सहा चिपांपैकी पाच तरीही तडकूनच आल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली तो तडा किती सुंदर दिसतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सरळ यायचा, चर ओलांडायचा, वळायचा, आणि पांढऱ्या केसासारखा चौसष्ट वाटांवरून आडवा जायचा. अगदी पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर चौसष्ट बाण काढून विचारलं होतं, "सगळ्यांना सारखाच उशीर झाला तर झोत किती वळेल?" कुणी काही, कुणी काही बोललं. सर म्हणाले, "अजिबात नाही. सगळे सारखेच सरकले तर बाहेरून बघणाऱ्याला कुणीच सरकलं नाही असं दिसतं. फरक असेल तरच कळतं." वहीत उतरवून घ्यावं असंही त्यात काही नव्हतं. इतकं साधं. त्यानंतर हजार वेळा तिने ते वापरलं असेल.

मग दोन हजार अठराची दिवाळी सरली आणि जमीन हलायला लागली. पहिल्यांदा हललं तेव्हा ती मुंबईत होती. तिचा नवरा रविंद्र उंबरगावच्या कारखान्यात पाळ्यांवर जायचा, रिया डहाणूजवळ कैनाडला, गावच्या घरी सासूबाईंकडे असायची आणि विजयमाला शनिवारी येऊन सोमवारी पहाटे परतायची, असं त्यांचं तीन माणसांचं तीन ठिकाणी बसवलेलं घर होतं. "काही नाही गं, जरासं हललं," रविंद्र फोनवर म्हणाला होता, "आईला वाटलं मांजर पत्र्यावर पडलं." पुढे मांजर म्हणायची सोय राहिली नाही. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडावा तसा पायाखालून, आणि मग घर थरथरायचं. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत पाडेच्या पाडे बाहेर निजायला लागले, अंगणाअंगणात निळ्या ताडपत्र्या लागल्या, शाळा झाडाखाली भरायला लागली. माणसं कारणं शोधत होती. कुणी म्हणे धरणाचं पाणी, कुणी म्हणे वाढवणला बंदर करायला निघालेत म्हणून. सासूबाई म्हणायच्या, "आपली कूस बदलतेय ती. तिलाही अवघडत असेल एका अंगावर." रियाने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून ती जमिनीवर पाय आपटून चालायची बंद झाली. हलक्या पावलांनी, बोटांवर चालायची. झोपलेल्या बाळाच्या खोलीत चालावं तशी.

खरे धक्के मोजके असत. पण रियाला ते सारखेच येत. "आई, हलतंय." नाही गं. "हलतंय." नाही राणी, तुझं मन हलतंय. आणि हे म्हणताना विजयमालाला आपल्याच तळपायांतून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, मग ती नुसतीच दिव्याच्या वायरीकडे बघायची. मुंबईतही तेच. प्रयोगशाळेतलं टेबल हवेच्या पायांवर तरंगणारं, शेजारून ट्रक गेला तरी त्याला पत्ता नाही. पण पडद्यावरचा झोताचा ठिपका किंचित सरकला आणि तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. पीयूष म्हणाला, "अगं, हे टेबल हवेवर आहे, डहाणूवर नाही." ती हसली. हात सुटायला वेळ लागला. तारेची एक जोडणी सैल झाली होती, तेवढंच. पण त्या क्षणी तिला डोळ्यांपुढे दिसली ती कैनाडची खोली: मंगलोरी कौलं, आढ्याखालची उंच भिंत, भिंतीला लावलेली खाट आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून, झोपल्याचं सोंग करून पडलेली पोर.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिने परात पाण्याने भरून खोलीत ठेवली. टॉर्चचा उजेड पाण्यावर पाडला आणि त्याचा कवडसा भिंतीवर आला. "हे बघ रिया, घर हललं तर हा हलणार. नाही हलला तर आपल्याला नुसतं वाटतंय." खरी गोष्ट होती. पण कवडसा सतत हलत होता. पंख्याने हलत होता, सासूबाई माजघरातून गेल्या की हलत होता, कौलांवर कावळा बसला तरी शहारत होता. रियाने अर्धा तास बघितलं आणि मग तिला इतकं रडू आलं की ओकारी झाली. सारखंच हलतंय, आई. सारखंच हलतंय. सासूबाईंनी परात उचलून तुळशीत ओतली. "बाई, एवढं खरं नको दाखवूस पोरीला," त्या म्हणाल्या, "मोठ्यांनाही सोसत नाही ते."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी विजयमालाने मांडणीची एक जुनी सागाची फळी काढली. एका टोकाला लेझर पॉइंटर, वर्गात फळ्यावर दाखवायला वापरतात तो, बटणावर रबर गुंडाळून. मधोमध पावडरच्या डबीतला छोटा आरसा. दुसऱ्या टोकाला पांढरं कार्ड. सगळं स्क्रूने आणि एम-सीलने पक्कं बसवलं. एकाच फळीवर. प्रयोगशाळेत असंच करतात, सगळं एकाच पाटावर आवळायचं म्हणजे मोजताना काही सरकत नाही. तिचे हात तसेच, सवयीने चालले होते. पॉइंटरचा लाल ठिपका आरशावरून कार्डावर येऊन बसला आणि बसला तो बसलाच. रियाने स्केचपेन आणून त्याच्या दोन बाजूंना डोळे काढले, खाली हसरं तोंड काढलं. ठिपका झाला नाक. रविंद्र दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. "आणि फळीच हलली तर?" त्याने सहज विचारलं. "तर नाकही हलेल," ती म्हणाली. पटकन म्हणाली. स्क्रू पिळत होती, मान वर केली नाही. "मग बरंय," तो म्हणाला आणि त्याने चहा संपवला. खाटेच्या पायथ्याशी भिंतीवर फळी टांगली. त्या संध्याकाळी रिया खाटेवर पडून बघत राहिली. "आई, नाक जागेवर आहे." "आहे ना?" "आजी चालली तरी जागेवर आहे." "मग झोप." आणि रिया झोपली, कितीतरी आठवड्यांनी, हातपाय सोडून, तोंड उघडं टाकून. विजयमाला तिच्याजवळ बसून राहिली. तिच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस एकेक करून मागे सारत होती. सगळे सारखेच सरकले तर. ते वाक्य तेव्हा आलं होतं की नव्हतं? दाराबाहेरून कुणी डोकावून जावं तसं काहीतरी आलं होतं. तिने उठून त्याला आत घेतलं नाही. पहाटेची गाडी गाठायची होती, आणि पोर झोपली होती.

दोन आठवडे झोपली. शाळेतून आल्यावर एकदा नाक बघून मग जेवायची. बाहेर पाय आपटून चालायला लागली. सासूबाई वाडीत कामाला येणाऱ्या सुकीला फळी दाखवायच्या, "आमच्या विजूने केलंय." सुकी त्या लाल ठिपक्याकडे बघून कमरेवर हात ठेवायची. "ह्यो हाललाच नाय अजून?" "नाही हो." "काल तं हाललं व्हतं पाड्यावर. हांडं पडलं माझं." "इथे नाही हललं मग," सासूबाई म्हणायच्या. विजयमाला शनिवारी आली की हे ऐकायची, आणि पदराने काहीतरी पुसायला लागायची.

मग ती दुपार. रिया जेवून आडवी झाली होती. सासूबाई अंगणात बाजेवर चिकूच्या चकत्या वाळत घालत होत्या. विजयमाला विहिरीपाशी उभी राहून पीयूषशी बोलत होती, तिथेच काय ती रेंज यायची. तो सांगत होता की तिच्या चिपेचा झोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळला, मधे कुठे तुटला नाही, आता फक्त आकडे घ्यायचे, "अगं झालं तुझं, विजयमाला!" आणि ती हसत होती. खरोखर हसत होती. तेव्हा पायाखालून धडाम झालं. विहिरीतलं पाणी काठाला चाटून खाली गेलं. कौलांचा पाऊस पडल्यासारखा आवाज. सासूबाई बाजेसकट मागे सरकल्या, दोघी एकाच वेळी ओरडल्या, "रिया कुठेय?" आणि दोघींनाही वाटत होतं, दुसरीजवळ आहे. आतून आवाज आला. घाबरलेला मुळीच नव्हता. परीक्षेत उत्तर येत असलेल्या मुलीचा आवाज. "आईऽऽ! नाही हललंऽऽ! नाक जागेवर आहेऽऽ!" विजयमाला ओरडत होती, बाहेर ये, रिया, बाहेर ये, आणि आतून पुन्हा, समजूत घालणाऱ्या सुरात, "अगं नाही हललं, मी बघतेय ना!" ओरडत होती, पण जागची हलत नव्हती. पाय जमिनीत पुरल्यासारखे. तिच्या शेजारून काहीतरी गेलं. सुकी. लुगडं गुडघ्यावर, वाकून, दारातून आत, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत रिया पाय झाडत होती, "पण नाक!" म्हणत होती. एक कौल सुकीच्या घोट्यावर पडलं होतं, पावलावरून रक्त ओघळत होतं. मग पुन्हा हललं, आणि आढ्याखालची भिंत सावकाश, जणू बसायला जागा शोधत असल्यासारखी, आत वाकली आणि खाटेवर बसली.

विजयमालाने लेकीला छातीशी धरलं तेव्हा तिला रियाच्या केसांना कौलांच्या धुळीचा वास आला. रिया धूळ बसताना बघत होती. सुकी बाजेवर टेकली, घोटा दाबून. "वरडत व्हतीस तू, बाय," ती म्हणाली. टोचून नाही, आपलं पाहिलेलं सांगावं तसं. "पाय नव्हतं तुझं."

कुणीच काही बोललं नाही तिला. हे सगळ्यांत वाईट होतं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "त्या यंत्रामुळे वाचली हो पोर. घाबरून धावली असती तर नेमकी दारातल्या कौलांखाली आली असती." रविंद्र म्हणाला, "सेल उतरले असतील. सेल उतरले की नाही दाखवत नीट." विजयमाला म्हणाली, "असेल." एवढंच. आणि हे 'असेल' तिच्या तोंडात राहिलं, घास राहावा तसं, गिळता येईना, थुंकता येईना. सुकीच्या पायाला टाके पडले. विजयमाला दोनदा पाड्यावर जाऊन आली, तांदूळ आणि औषधं घेऊन, आणि दोन्ही वेळा ठरवून गेली होती की हिला तरी सांगायचं. सुकीने चहा केला, बोलणं भाताचं, पोरांचं झालं. "तुजी पोर बरी हाय ना?" "बरी आहे." मग उठून आली. सुकीला सांगून काय झालं असतं? सुकीने मान हलवली असती. तिला कुठे झोत वळवायचा होता. डहाणू रोडला ही जागा घेतली, सासूबाई बरोबर आल्या, आता त्या बाजारातून भाजी आणायला गेल्या होत्या, आणि रिया दिवसाला शंभर वेळा विचारायची, गाडी ना? गाडी. पण ठिपक्याबद्दल एकदाही नाही. विजयमाला वाट बघत होती. तिला वाटायचं, विचारेल तेव्हा सांगू. आणि वाटायचं, न विचारो. नायट्राइडच्या थराभोवती खणतात तसा एक चर ती रोज थोडाथोडा खणत होती, तडा तिथवर येऊन थांबावा म्हणून.

जिन्यात पावलं वाजली. रविंद्र. आज सुट्टी होती म्हणून तो सकाळीच कैनाडला गेला होता, पडक्या खोलीतून काय निघतंय ते बघायला. खांद्यावर गोणी, केसांत माती, दारात उभं राहून दम खात होता. "आईची पितळी घागर चेपली," तो म्हणाला. "देवांचं टोपलं मिळालं. आणि हे बघ रिया, काय आणलंय!" गोणीतून त्याने सागाची फळी काढली. विजयमालाने हात धुवायला नळ सोडला होता, तो तसाच चालू राहिला. "भिंतीवरून निखळून खाली पडली होती, वर छपराचा अर्धा पाखा कोसळलेला. आणि बघ, एक टवका नाही. आरसाही शाबूत. सेल घातले वाटेत." त्याने रबर बटणावर सरकवलं. कार्डावर, धुळीने भुरकट झालेल्या त्या हसऱ्या तोंडाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधोमध लाल ठिपका आला. "बघितलंस? अजून नाकावरच! काय पक्कं काम आहे बाई तुझं, विजू." तो खरंच कौतुकाने बोलत होता. "हे इथे भिंतीवर लावतो, म्हणजे तू उद्या बिनघोर जा." मग त्याच्या लक्षात आलं, त्याने जीभ चावली आणि रियाकडे बघितलं.

रिया बॅगेकडे बघत नव्हती. ती फळीकडे बघत होती. खडू खाली ठेवून ती उठली, फळीपाशी उकिडवी बसली, बोटाने कार्डावरची धूळ पुसली आणि बोट फ्रॉकला पुसलं. "नाक जागेवर आहे," ती हळूच म्हणाली. "आहेच मुळी," रविंद्र म्हणाला, "मी जरा अंघोळ करून येतो," आणि टॉवेल घेऊन आत गेला. विजयमालाने नळ बंद केला. आता सांगता आलं असतं. जवळ बसून, या एवढ्याशा मांडीवर हात ठेवून, साध्या शब्दांत, सर सांगायचे तसं. तिने पदराला हात पुसले. शब्द जुळवत होती, चौसष्ट वाटांमधून एकेक उजेड नेमक्या उशिराने सोडावा तसे. पण ते सगळे एकदमच आले, आणि तिने नुसतं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

रियाने फळीचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. आधी भीतभीत. मग जोरात. फळी फरशीवर खडखडली, स्वयंपाकघरात टोपावरची ताटली किणकिणली. कार्डावरचा ठिपका होता तिथेच होता. रिया हसली. तिला गंमत वाटली. तिने फळी उचलून उभी केली, आडवी केली, एखाद्या बाळाला झुलवावं तशी डावीउजवीकडे झुलवली, आणि प्रत्येक वेळी वाकून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते लाल नाक दोन डोळ्यांच्या मधोमध, हसऱ्या तोंडाच्या वर, शांत. मग तिचं हसू हळूहळू कमी झालं. गेलं नाही, नुसतं विसरल्यासारखं ओठांवर राहून गेलं. तिने फळी जपून, आवाज न करता खाली ठेवली. ताटली अजून वाजत होती, या वेळी स्टेशनच्या बाजूने भोंगा आला नव्हता, पण रियाने गाडी का म्हणून विचारलं नाही. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत पाहिलं.

"आई, हे तर कितीही हलवलं तरी हलत नाही," ती म्हणाली. "मग तू हे कशासाठी केलं होतंस?"